पाऊण इंची व्हेंचुरी : दोन हंगामांच्या वापरानंतर

ठिबकच्या पाण्याबरोबर विद्राव्य खत सोडण्यासाठी मी दोन हंगामांपूर्वी पाऊण इंची व्हेंचुरी बसवली. या काळात तिने मला सुरुवातीला बरेच दमवले आणि नंतर एकदाही दगा दिला नाही. या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. वस्तू उत्तम आहे, पण तिच्यासोबत आलेले माहितीपत्रक चुकीचे आहे, आणि ती चूक अशा जागी आहे की पत्रकावर विश्वास ठेवून जोडणी करणाऱ्या माणसाची व्हेंचुरी टाकीतले खत ओढणारच नाही. अशा वेळी दोष वस्तूला दिला जातो. अडगळीत पडलेल्या अनेक व्हेंचुरी मी पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक निर्दोष असाव्यात असे मला आता वाटते.

हाताच्या पंजाहून थोडी लांब, काळ्या प्लास्टिकची ही नळी दोन्ही टोकांना आट्यांची आहे आणि मध्ये ती एकदम बारीक होते. ज्या बाजूने पाणी आत शिरते तिकडचा उतार आखूड आणि तीव्र आहे, तर बाहेर पडण्याच्या बाजूचा उतार लांब आणि सौम्य आहे. अगदी अरुंद जागी, म्हणजे गळ्यापाशी, खालच्या अंगाला एक बारीक तोटी आहे आणि तिला पारदर्शक नळी जोडून नळीचे दुसरे टोक खताच्या टाकीत सोडायचे असते. आत एकही फिरता भाग नाही. वीज लागत नाही, तेल लागत नाही, झिजण्यासारखे फारसे काही नाही. गळा किती बारीक आहे हे पाहण्यासाठी मी ड्रिल बिटांची मागची गुळगुळीत दांडी आत घालून पाहिली. सहा मिलिमीटरची सहज गेली, साडेसहाची अडकली. आत शिरण्याच्या तोंडाचा व्यास वीस मिलिमीटर भरला. पुढचा सगळा हिशोब या दोन आकड्यांवर उभा आहे.

बसवण्याची पद्धत नेहमीचीच होती. मेन लाईनवर सँड फिल्टरच्या पुढे आणि जाळीच्या फिल्टरच्या अलीकडे एक गेट व्हॉल्व्ह आणि त्या व्हॉल्व्हला वळसा घालून जाणाऱ्या बायपासवर व्हेंचुरी. पहिल्या दिवशी पंप सुरू केला, दाब दीड किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) वर स्थिर झाला, बायपासचे दोन्ही बॉल व्हॉल्व्ह उघडले आणि टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. द्रावण वर चढण्याऐवजी पारदर्शक नळीतून स्वच्छ पाणी खाली येऊ लागले आणि पाच-सात मिनिटांत टाकीची पातळी चार बोटे वाढली. खत पिकाला जाण्याऐवजी लाईनचे पाणीच खताच्या टाकीत उतरत होते. माझ्यासोबत असलेले फिटर म्हणाले, "दाब भरपूर आहे, ओढलंच पाहिजे. पंपाचं पाणी आणखी वाढवून बघा." दाब वाढवला तशी टाकी अधिकच वेगाने भरू लागली. माहितीपत्रकातही हेच लिहिले होते, की दाब जितका जास्त तितकी ओढ जास्त. आम्ही दोघांनी मिळून अर्धा दिवस त्या एका वाक्यापायी घालवला.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर गळ्यात काय घडते ते पाहावे लागते. नळीत पाणी कुठे साठत नाही, त्यामुळे एका सेकंदाला जितके पाणी तोंडातून आत येते तितकेच गळ्यातूनही गेले पाहिजे. वीस मिलिमीटरच्या तोंडाचे क्षेत्रफळ सहा मिलिमीटरच्या गळ्याच्या क्षेत्रफळाच्या सुमारे अकरा पट आहे, म्हणून गळ्यातून जाताना पाण्याचा वेगही अकरा पट व्हावा लागतो. हा वेग फुकट येत नाही. संथ पाण्याला वेग द्यायचा तर त्याला मागून पुढे ढकलणारे बळ हवे, आणि ते तेव्हाच मिळते जेव्हा मागचा दाब पुढच्या दाबाहून जास्त असतो. म्हणजे तोंडाशी दाब जास्त आणि गळ्याशी कमी असल्याशिवाय पाणी वेग घेऊच शकत नाही. 'वेग वाढला की दाब घटतो' असे आपण सहज म्हणतो आणि ते निरीक्षण म्हणून खरेही आहे, पण त्यात वेग हे कारण आणि घटलेला दाब हा परिणाम असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात दाबातला फरक पाण्याला पुढे रेटतो. डॅनियल बर्नुली यांनी १७३८ साली वेग आणि दाब यांचा हा संबंध मांडला आणि अरुंद होऊन पुन्हा रुंदावणाऱ्या नळ्यांवरचे प्रयोग इटलीचे जिओव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ साली प्रसिद्ध केले. आपण खताच्या या उपकरणाला ज्या नावाने हाक मारतो ते नाव त्यांचेच आहे.

आता आकडे घालून पाहू. तोंडाशी १.६ किलोचा दाब म्हणजे १६ मीटर उंच उभ्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. गळ्यातला दाब उतरून बाहेरच्या हवेइतका व्हायचा असेल, तर या १६ मीटरांचे सगळे बळ वेगात खर्च झाले पाहिजे, आणि १६ मीटर उंचीवरून सोडलेल्या दगडाला जमिनीवर पोचताना जो वेग येतो तोच वेग त्या पाण्याला यावा लागतो. हा वेग सेकंदाला सुमारे १८ मीटर, म्हणजे ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास. बोटाएवढ्या जागेत पाणी धावत्या मोटारीच्या वेगाने जाते, हे पहिल्यांदा कागदावर आले तेव्हा मी हिशोब तीनदा तपासला. या वेगाला गळ्यातून सेकंदाला अर्धा लिटर, तासाला साधारण १,८०० लिटर पाणी जाते. इतके पाणी गेले तरच गळ्यातला दाब हवेच्या बरोबरीला येतो आणि तोटीतून पाणी बाहेर पडणे थांबते. ओढ सुरू व्हायला वेग याहूनही थोडा वाढावा लागतो.

माझ्या पहिल्या दिवशीच्या अपयशाचे उत्तर इथे आहे. मेन लाईनवरचा गेट व्हॉल्व्ह मी पूर्ण उघडा ठेवला होता. त्यामुळे व्हॉल्व्हच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब जवळजवळ सारखाच होता आणि बायपासच्या दोन टोकांत फरकच नसल्यामुळे व्हेंचुरीतून पाणी नावापुरतेच वाहत होते. वेग नाही म्हणजे गळ्यातही लाईनइतकाच दीड-पावणेदोन किलोचा दाब, आणि तो दाब तोटीतून पाण्याला टाकीत ढकलत होता. पंपाचे पाणी वाढवल्यावर दोन्ही टोकांचा दाब एकदम वाढला, फरक होता तसाच राहिला, आणि टाकी अधिक जोराने भरली. गेट व्हॉल्व्ह चार आटे बंद केल्यावर नळीतले पाणी थबकले, आणखी अर्धा आटा बंद केल्यावर उलटे फिरले आणि टाकीतले हिरवट द्रावण हळूहळू वर चढून गळ्यात नाहीसे झाले. ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही.

माहितीपत्रकाबद्दल आणखी एक तक्रार नोंदवतो. उपकरणाचे तत्त्व समजावण्यासाठी त्यात विमानाच्या पंखाचे चित्र छापले आहे आणि खाली लिहिले आहे, की पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता कापून खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागच्या कडेला पोचायचे असते, म्हणून ती जोरात धावते आणि तिथला दाब कमी होतो. हे स्पष्टीकरण शाळेपासून सगळ्यांनी ऐकलेले आहे आणि ते चूक आहे. दोन्हीकडच्या हवेने एकाच वेळी पोचावे असा कोणताही नियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेला पोचते. पंख हवेला खाली वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः वर उचलला जातो. वरचा वेग आणि वरचा कमी दाब याच घटनेची दुसरी बाजू आहेत. खताच्या नळीच्या कागदावर विमान आणण्याची गरज नव्हती. चित्र द्यायचेच होते, तर गॅसच्या शेगडीच्या बर्नरचे चालले असते, कारण तिथे बारीक छिद्रातून वेगाने सुटणारा गॅस बाजूच्या भोकांतून हवा आत ओढून घेतो आणि ती भोके तेलकट मळाने बुजली की ज्योत पिवळी पडते, हे स्वयंपाकघरात रोज दिसते. जुन्या दुचाकीच्या कार्ब्युरेटरचेही चालले असते, कारण त्याच्या अरुंद भागातून हवा जोराने जाताना खालच्या वाटीतले पेट्रोल असेच वर ओढले जाते. कार्ब्युरेटर साफ केलेल्या माणसाला व्हेंचुरी एका वाक्यात समजते.

पत्रकावर विसंबायचे नाही असे ठरवल्यावर मी स्वतः मोजमाप घेतले. व्हेंचुरीच्या आधी आणि नंतर एकेक प्रेशर गेज बसवला, टाकीच्या जागी व्हेंचुरीच्याच पातळीवर दहा लिटर साध्या पाण्याची बादली ठेवली आणि ती किती वेळात रिकामी होते ते घड्याळ लावून पाहिले. आधीचा दाब प्रत्येक वेळी १.६ किलोवर राहील अशा बेताने हेडरवरून, म्हणजे पंपाजवळच्या मुख्य जोडणीवरून, विहिरीत पाणी परत सोडणारा व्हॉल्व्ह कमीजास्त केला. नंतरचा दाब १.४ किलो असताना पाणी बादलीत परत येत होते. १.३ ला धार अगदी मंदावली, पण दिशा उलटीच होती. १.२ ला बादली पंधरा मिनिटांत रिकामी झाली, १.१ ला सव्वानऊ मिनिटांत आणि १ किलोला सातच्या आत-बाहेर. यापुढेही ओढ अशीच वाढत जाईल अशी माझी अपेक्षा होती, पण नंतरचा दाब ०.८ पर्यंत उतरवला तरी बादलीला तितकीच सात मिनिटे लागली.

या आकड्यांत दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही पत्रकात नाहीत. पहिली अशी, की ओढ सुरू होण्यासाठी आधीच्या दाबाचा पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त भाग व्हेंचुरीत खर्च व्हावा लागतो. गळ्यानंतरच्या लांब, सौम्य उतारात पाणी हळूहळू मंदावते आणि वेगासाठी दिलेला दाब बराचसा परत मिळतो, पण सगळा मिळत नाही. रुंदावत्या नळीत पाण्याच्या कडेला भोवरे उठतात, त्यांची घुसळण होते आणि तेवढी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. बाहेरचा उतार आतल्या उतारापेक्षा लांब ठेवलेला असतो तो हे भोवरे कमी करण्यासाठीच. त्यामुळे व्हेंचुरी उलटी बसवली तर हीच नळी दाब जास्त खाते आणि खत कमी ओढते. दिशेचा बाण अंगावर उठवलेला आहे, पण तो काळ्यावर काळा आहे आणि भर उन्हातही बोटाने चाचपून शोधावा लागतो. एवढ्या महत्त्वाच्या खुणेला पांढरा रंग द्यायला हवा होता.

दुसरी गोष्ट ०.८ किलोला ओढ का वाढली नाही, याची. गळ्यातला दाब कितीही खाली नेता येत नाही. हवेच्या दाबाहून साधारण एक किलो खाली गेल्यावर, म्हणजे जवळजवळ पूर्ण निर्वात अवस्थेत, पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळू लागते आणि गळ्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. त्याच्या पलीकडे दाब उतरत नाही, त्यामुळे गळ्यातला वेग आणि तोटीची ओढ दोन्ही तिथेच अडतात. हे बुडबुडे पुढच्या रुंद भागात फुटताना जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा आहे. ओढ नीट चालू असताना व्हेंचुरीला कान लावला तर एकसुरी सूं आवाज येतो. व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त बंद केला की त्याच जागी वाळूचे खडे नळीतून घरंगळत असल्यासारखी कडकड सुरू होते. आता मी गेजकडे नंतर पाहतो आणि आधी कान देतो. कडकड ऐकू आली की व्हॉल्व्ह पाव आटा उघडायचा. ती कडकड म्हणजे दाब वाया चालला आहे, आणि ती बराच काळ चालू राहिली तर गळ्याचा आतला पृष्ठभागही खरवडला जातो.

म्हणजे माझ्या जोडणीत नंतरच्या दाबाचा कामाचा सगळा पट्टा १.२५ ते १ किलो इतकाच आहे. पाव किलोच्या या पट्ट्यात ओढ शून्यापासून पूर्ण क्षमतेपर्यंत जाते, त्यामुळे व्हॉल्व्हला जरासा धक्का लागला तरी खताचे प्रमाण बदलते. म्हणूनच गेज चांगले हवेत. ठिबकवर सर्रास दिसणारा शून्य ते दहा किलोचा गेज इथे निरुपयोगी आहे, कारण त्याच्या दोन रेघांमध्येच हा पट्टा संपतो. मी शून्य ते चार किलोचे गेज लावले आणि तेव्हापासून अंदाजाने खत सोडणे बंद झाले. १.१ किलोवर लावून ठेवले की शंभर लिटर द्रावण दीड तासाच्या थोडे पुढे-मागे संपते. खताचे द्रावण साध्या पाण्याहून जड असल्यामुळे त्याला थोडा वेळ अधिक लागतो. प्रत्येक खतासाठी एकदा बादली लावून मोजून घ्यावे.

टाकी कुठे ठेवली आहे यालाही मी आधी महत्त्व देत नव्हतो. नंतरचा दाब १.२ किलो असताना गळ्यात हवेपेक्षा दाब कमी असतो तो दोन मीटर पाण्याच्या उंचीइतका. टाकीतली पातळी व्हेंचुरीहून एक मीटर खाली असेल तर त्यातला निम्मा फरक द्रावण वर उचलण्यातच जातो. मी तेच करून पाहिले, तेव्हा दहा लिटरांना पंधराऐवजी एकवीस मिनिटे लागली. टाकी रिकामी होत जाते तशी पातळी उतरते आणि ओढही मंदावत जाते, म्हणून उंच आणि निमुळत्या टाकीपेक्षा पसरट टाकी चांगली. ओट्यावर, व्हेंचुरीच्या उंचीच्या जवळपास ठेवली तर सगळ्यात बरे. मात्र फार वर ठेवू नये, कारण मग पंप बंद असतानाही द्रावण आपल्या वजनाने लाईनमध्ये उतरत राहते.

इथे मी या वस्तूतला सर्वांत गंभीर दोष सांगतो. तोटीत उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह नाही. मागवताना तो वेगळा घ्यावा लागतो आणि पत्रकात त्याचा उल्लेखही नाही. पहिल्या दिवशी माझी टाकी भरली ती त्यामुळेच, पण ते नुकसान किरकोळ होते. खरा धोका वीज गेल्यावर असतो. पंप अचानक थांबला की मेन लाईनमधले पाणी विहिरीकडे परत धावते, मागे पोकळी तयार होते आणि ती पोकळी टाकीतले खत ओढून थेट विहिरीत नेऊ शकते. त्या विहिरीचे पाणी कोणी पीत असेल तर काय होईल, याचा विचार व्हेंचुरी विकणाऱ्याने आधी केला पाहिजे. माझ्या मेन लाईनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह होता म्हणून मी वाचलो. आता तोटीच्या नळीवर दुसरा बसवला आहे. या दोन्ही व्हॉल्व्हांशिवाय कोणी व्हेंचुरी चालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

देखभाल फारशी नाही. तोटीच्या नळीच्या टोकाला बारीक गाळणी हवी आणि ती टाकीच्या तळापासून चार बोटे वर राहिली पाहिजे, कारण न विरघळलेला गाळ तळाशी बसतो. पारदर्शक नळीतून बुडबुडे जाताना दिसले तर कुठल्यातरी सांध्यातून हवा शिरते आहे असे समजावे. ओढ कमी असते आणि पाणी गळत मात्र नाही, त्यामुळे हा बिघाड लवकर लक्षात येत नाही. बाहेर दाब जास्त आणि आत कमी असल्यामुळे इथे गळती बाहेरून आत होते. सांध्याला टेफ्लॉन टेप दोन वेढे जास्त घेतला की काम भागते. गळ्यात पांढरे कीटण धरले तर तार घालून खरवडू नये. त्या सहा मिलिमीटरच्या गुळगुळीत भिंतीवर एक चरा पडला तरी प्रवाह विस्कटतो. सौम्य आम्लाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली की ती स्वच्छ होते. कीटण मुळातच धरू नये यासाठी कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटची खते एका टाकीत मिसळू नयेत, कारण त्यांचा चुनखडीसारखा साका होतो आणि तो गळ्यातच काय, पुढे ड्रिपरमध्येही (थेंब सोडणाऱ्या तोंडांत) जाऊन बसतो. खत सोडून झाल्यावर अर्धा तास साधे पाणी चालवायचे, हे तर ठिबकवाल्या कोणालाही सांगायला नको.

व्हेंचुरीच्या आधी मी खताची बंद टाकी वापरत होतो, म्हणजे लाईनचे थोडे पाणी टाकीतून फिरवून पुन्हा लाईनमध्ये सोडायचे. तीही दाबाच्या फरकावरच चालते, पण टाकीत सतत नवे पाणी शिरत असल्यामुळे द्रावण पहिल्या मिनिटाला सर्वांत दाट असते आणि पुढे पातळ होत जाते. एकाच वेळी सगळ्या प्लॉटला खत देताना ते चालते, पण एकामागून एक प्लॉट घेतले तर पहिल्याला भरपेट मिळते आणि शेवटच्याला उष्टे. व्हेंचुरीत दाब स्थिर असेपर्यंत द्रावणाचा दाटपणा बदलत नाही आणि माझ्यासाठी तीच तिची सर्वांत मोठी सोय ठरली. विजेवरचा किंवा पाण्याच्या जोरावरचा डोसिंग पंप याहूनही अचूक आहे, पण त्यात पडदे, झडपा, रबरी वायसर असतात आणि खत त्या सगळ्यांना खाते.

या सगळ्याची किंमत दाबाने मोजावी लागते, आणि ज्यांच्याकडे दाबाची चणचण आहे त्यांनी ती आधीच मोजून पाहावी. बायपासची रचना असल्यामुळे व्हेंचुरीसाठी लागणारा अर्धा किलोचा फरक गेट व्हॉल्व्ह बंद करून तयार करावा लागतो. म्हणजे व्हेंचुरीतून पाचवा हिस्सा पाणी जात असले तरी बाकीच्या सगळ्या पाण्याचाही दाब तितकाच उतरतो. जाळीचा फिल्टर, सबमेन (प्लॉटची उपनळी) आणि लॅटरल (पिकाच्या ओळीतली बारीक नळी) ओलांडून शेवटच्या ड्रिपरपर्यंत पोचताना तो आणखी घटतो. खत सोडताना मी दोनऐवजी एकच प्लॉट चालू ठेवतो, त्यामुळे पाण्याची मागणी कमी होऊन पंपाचा दाब चढतो आणि व्हेंचुरीचा खर्च त्यातून भागतो. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी गेट व्हॉल्व्ह मोकळा ठेवून बायपासवर व्हेंचुरीच्या आधी लहानसा पंप बसवावा. मग मेन लाईनचा दाब शाबूत राहतो आणि फरक फक्त व्हेंचुरीपुरता तयार होतो. उंचावरच्या टाकीतून चार-पाच मीटरच्या उतारावर ठिबक चालवणाऱ्याने मात्र ती घेऊ नये. त्याच्याकडे मुळात अर्धा किलोच दाब आहे. व्हेंचुरीला पुरेसा फरक द्यायचा तर त्यातला मोठा भाग तिलाच द्यावा लागेल, आणि पीक पाण्यालाही मुकेल.

मोठी घेतली की जास्त ओढेल असा समज आहे, तोही तपासून घ्यावा. दीड किंवा दोन इंची व्हेंचुरीचा गळा मोठा असतो आणि त्यातून ओढ सुरू करण्याइतका वेग यायला तासाला कितीतरी जास्त पाणी लागते. माझ्या पाऊण इंचीला १,८०० लिटरांच्या पुढे जावे लागते. लहान प्लॉटच्या एकूण पाण्याहून जास्त मागणी असलेली व्हेंचुरी बसवली, तर गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करूनही तिच्यात वेग येणार नाही आणि टाकी भरतच राहील. खरेदीला जाण्याआधी प्लॉटमधले ड्रिपर मोजून एका ड्रिपरच्या ताशी पाण्याने गुणावे. तो आकडा आणि व्हेंचुरीच्या आधी-नंतर किती दाब देता येईल हे दोन आकडे हातात असतील तर विक्रेत्याला योग्य प्रश्न विचारता येतो, की इतक्या फरकाला ही किती ओढते. उत्तरात फक्त इंचाचा आकार सांगितला जात असेल आणि दाबाच्या फरकानुसार ओढीचा तक्ता दाखवता येत नसेल, तर मी दुसरीकडे पाहीन.

मी घेतली ती व्हेंचुरी पुन्हा घेईन का? हो, हीच घेईन, आणि सोबत शून्य ते चार किलोचे दोन गेज, दोन नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आणि पांढऱ्या रंगाची एक लहान डबी घेईन. बसवण्याआधी बाणावर रंग भरून ठेवीन.